छायाचित्राचा कस



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय यावे, इतिहास यावा, शेतीचे अर्थकारण यावे. छायाचित्रण हा विषय तेथे कसा, असा प्रश्न काही मंडळींनी मला येथे येण्यापूर्वीच विचारला. त्यांचे अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. कॅमेरा म्हणजे हौशी माणसाचा चाळा, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. परंतु आज या मंडपात बसलेल्या बहुतेकांच्या खिशात एकेक कॅमेरा आहे, आणि पुष्कळांच्या घरी माळ्यावर एखादा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. त्या डब्यात काळपट, चौकोनी, एकमेकींना चिकटू लागलेल्या फिल्मा आहेत. खिशातल्या कॅमेऱ्याचे आपल्याला भारी कौतुक. डब्यातल्या फिल्मांचे काय करावे ते मात्र कोणालाच उमगत नाही. घर बांधायला काढले, माळा रिकामा करायची वेळ आली, की तो डबा रद्दीबरोबर जातो. गावातला जुना स्टुडिओ बंद झाला की एक डबा नव्हे, पोतीच्या पोती जातात. तो डबा ठेवावा की टाकावा, आणि ठेवायचा तर त्याचे करावे काय, हाच माझा आजचा विषय आहे. बाकीचे जे शास्त्र मी सांगणार आहे ते एवढ्याचसाठी.

प्रथम त्या फिल्मांची ओळख करून घेऊ. त्यांना स्टुडिओवाले वन-ट्वेंटी म्हणत. १९०१ साली अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीने आपल्या एका पेटी-कॅमेऱ्यासाठी हा रोल काढला आणि तो आजतागायत तसाच विकला जातो. सव्वाशे वर्षे माप न बदललेली वस्तू बाजारात सहसा सापडायची नाही. या रोलवर बहुतेक कॅमेऱ्यांत बारा फोटो निघत, आणि प्रत्येक फोटो सुमारे ५६ मिलिमीटर लांब व तेवढाच रुंद, म्हणजे तीन बोटे रुंदीचा चौकोन. तालुक्याच्या गावी ज्याचा स्टुडिओ त्याच्याकडे याशिका नाहीतर रोलिकॉर्ड असे. पुढे दोन भिंगे, एक पाहण्याचे आणि एक घेण्याचे. वरून झाकण उघडून खाली मान घालून पाहायचे. घरोघरी जो परवडला तो भारतात तयार होणारा आग्फाचा क्लिक-थ्री. आपल्या देशात उटकमंडला सरकारी कारखान्यात 'इंदू' नावाची फिल्म आणि कागद तयार होत असे. तो कारखाना बंद पडला, पण त्या कागदावरचे फोटो तुमच्या भिंतींवर अजून आहेत. पस्तीस मिलिमीटरच्या लहान फिल्मेहून मोठा आणि काळे कापड डोक्यावर घेऊन वापरायच्या मोठ्या कॅमेऱ्याहून लहान, म्हणून या घराण्याला इंग्रजीत मीडियम फॉरमॅट म्हणतात. आपण मधल्या मापाचा कॅमेरा म्हणू.

आता कस. जळगावच्या सराफाकडे दागिना नेला तर तो आधी कसोटीच्या दगडावर रेघ ओढतो; दागिना केवढा आहे हे नंतर पाहतो. छायाचित्राच्या बाबतीत आपण नेमके उलट करू लागलो आहोत. फोन घेताना आपण विचारतो, किती मेगापिक्सेल? दुकानदार सांगतो, एकशे आठ. शेजारचा सांगतो, दोनशे. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. एकशे आठ मेगापिक्सेल म्हणजे दहा कोटी ऐंशी लाख ठिपके. आकडा ऐकून मनुष्य दबून जातो. पण तोच फोन नेहमीच्या रीतीने फोटो काढताना शेजारचे नऊ-नऊ ठिपके एकत्र करून त्यांचा एक ठिपका करतो, आणि तुमच्या हाती जे चित्र येते ते बारा मेगापिक्सेलचे असते. दोनशेवाला सोळा-सोळा एकत्र करतो आणि तोही तेथेच येऊन पोचतो. असे त्याला का करावे लागते? कारण ठिपके पुष्कळ झाले, पण ज्या पाटीवर ते बसवले ती पाटी लहान आहे.

ही गोष्ट नीट ध्यानात यावी म्हणून मृगाचा पाऊस डोळ्यांसमोर आणा. पहिल्याच शिडकाव्याला अंगणात शंभर वाट्या आणि एक परात ठेवली. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो आहे. तरी एका वाटीत चार थेंब, शेजारच्या वाटीत सात, तिसरीत दोनच. वाट्या पाहून पाऊस किती पडला हे नेमके सांगता यायचे नाही. परातीत मात्र इतके थेंब पडतात की थोडे इकडे-तिकडे झाले तरी फरक पडत नाही. प्रकाशाचेही असेच आहे. तोसुद्धा कणाकणाने पडतो आणि त्याच्या पडण्यात चढउतार असतो. जेथे शंभर कण यायचे तेथे दहाएक कमीजास्त होतात, म्हणजे शेकडा दहा. जेथे दहा हजार यायचे तेथे शंभराएक कमीजास्त होतात, म्हणजे शेकडा एक. फोनमधल्या रात्रीच्या फोटोत चेहऱ्यावर जी रवाळ चरचर दिसते ती या वाट्यांची गडबड होय. आणि ती लपवण्यासाठी फोन चेहरा गुळगुळीत करून टाकतो. आजीच्या सुरकुत्या त्याला चरचरच वाटतात.

म्हणून ठिपके मोजण्यापूर्वी पाटी मोजावी. साध्या फोनमधली पाटी सुमारे पंचवीस चौरस मिलिमीटर भरते; महागातल्या फोनमध्ये ती सत्तर ते सव्वाशेपर्यंत जाते. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे असलेल्या मोठ्या डिजिटल कॅमेऱ्यात ३६ बाय २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. आणि त्या बिस्किटांच्या डब्यातली तीन बोटांची फिल्म? ३१३६. साध्या फोनच्या सव्वाशे पट.

येथे कोणी तयार श्रोता मला अडवील आणि म्हणेल, फिल्म आणि डिजिटल पाटी यांची बरोबरी नुसत्या मापावरून कशी करता? बरोबर आहे. डिजिटल पाटी प्रकाशाचा जेवढा वाटा टिपते तेवढा फिल्मेला टिपता येत नाही. रात्रीच्या वरातीत, दिव्यांच्या माळांच्या उजेडात, आजचा चांगला डिजिटल कॅमेरा जुन्या याशिकाला सहज मागे टाकील. त्यात मला तिळमात्र शंका नाही. जुने ते सगळे सोने, असे सांगायला मी येथे आलेलो नाही. पण दिवसाच्या उजेडात, तिपाईवर कॅमेरा लावून, मंद गतीच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मेवर काढलेला फोटो घ्या. एका मिलिमीटरमध्ये पन्नास काळ्या आणि पन्नास पांढऱ्या रेघा वेगळ्या उमटल्या असे धरा. चांगल्या भिंगाला हे जड नाही. मग ५६ मिलिमीटरमध्ये ५६०० रेघा झाल्या, आणि चौकोनात तीन कोटींवर ठिपके. साठ वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने, वीज आली-गेली अशा गावात, तीन कोटी ठिपक्यांचा ऐवज डब्यात घालून ठेवला आहे. क्लिक-थ्रीच्या फिल्मेत एवढे मिळायचे नाही, कारण तेथे भिंगच साधे होते. तेथे त्याच्या लहानशा अंशावर समाधान मानावे. पण तोही अंश आपण अजून पुरता पाहिलेला नाही.

पाहिलेला नाही, असे का म्हणतो? त्या काळी कागद महाग. पुष्कळ घरांत निगेटिव्ह कागदावर तशीच टेकवून तेवढाच छाप काढत. फार झाले तर पोस्टकार्डाएवढा. म्हणजे तीन कोटींच्या ऐवजातून घरच्यांच्या वाट्याला आला तो चिमूटभर. शिंदखेडा तालुक्यातल्या एका घरची निगेटिव्ह मी मध्यंतरी उतरवून घेतली. आखाजीचा दिवस, निंबाच्या झाडाला झोका, माहेरी आलेल्या चार लेकी, मागे घराचे दार. घरात जो छाप होता त्यात त्या चौघींचे चेहरे ज्वारीच्या दाण्याएवढे. कोण कुठली यावर घरात दोन मते होती. निगेटिव्ह मोठी करून पाहिली तेव्हा एकीच्या हनुवटीवरचे गोंदण दिसले, तीन ठिपके; आणि वाद मिटला. दाराच्या अंधारात एक म्हातारी बसलेली होती. छापात ती नुसती काळोख होती. ती तेथे आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. घरच्यांनी तिचा दुसरा एकही फोटो कधी पाहिलेला नव्हता.

मोठ्या जगातही असेच घडले आहे. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्याजवळ याच मधल्या मापाच्या घराण्यातला स्वीडनचा हॅसलब्लाड कॅमेरा होता, भिंग जर्मनीच्या झाइसचे आणि फिल्म सत्तर मिलिमीटर रुंदीची. परतीच्या वाटेवर वजन कमी करायचे म्हणून कॅमेरे चंद्रावर सोडून दिले आणि फिल्मेच्या पेट्या तेवढ्या घरी आणल्या. केवढा शहाणपणा! यंत्र टाकले, ऐवज आणला. मग ती फिल्म थंड कोठीत जपून ठेवली, आणि आपण सारे वर्षानुवर्षे तिच्या प्रतींच्या प्रती पाहत राहिलो. २००७ च्या सुमारास अॅरिझोनाच्या विद्यापीठाने नासाच्या साहाय्याने मूळ फिल्म डिजिटल यंत्रावर उतरवण्यास आरंभ केला, दर मिलिमीटरला दोनशे ठिपके या हिशोबाने. तेव्हा सावलीतले दगड, अंतराळवीराच्या काचेआडचा चेहरा असे कितीतरी तपशील पहिल्यांदा नीट दिसले. मूळ फिल्मेत ते पहिल्या दिवसापासून होतेच.

म्हणून माझे म्हणणे असे की डिजिटल आणि जुनी फिल्म या सवती नव्हेत. जुन्या फिल्मेत काय आहे ते वाचण्याचे इतके चांगले साधन यापूर्वी माणसाच्या हाती कधी नव्हते, आणि ते आज तालुक्याच्या गावात आहे. पण ते साधन अर्धेमुर्धे वापरले तर वाचन अर्धवट होते, आणि 'आता डिजिटल झाले' या समाधानात मूळ फिल्म फेकली जाते. माझी सगळी धास्ती येथे आहे. निगेटिव्ह खिडकीशी धरून फोनने फोटो काढायचा, तो उलटा करून कुटुंबाच्या गटावर टाकायचा, आणि डबा भंगारवाल्याला द्यायचा. फोनने टिपलेले आधीच मर्यादित. गटावर नेहमीच्या रीतीने पाठवले की बारा मेगापिक्सेलचे दोनाच्या आसपास उरते. पुढच्याने पुढे पाठवले की आणखी घसरते. पाठवायचेच असेल तर कागदपत्र म्हणून पाठवावे, म्हणजे चित्र जसेच्या तसे जाते. एवढी साधी गोष्टही पुष्कळांना कोणी सांगितलेली नाही.

याहूनही घातक गोष्ट अलीकडे निघाली आहे. धूसर फोटो घालायचा, आणि यंत्र क्षणात तो लख्ख, रंगीत, डोळ्यांच्या पापण्यांसकट करून देते. लोक म्हणतात, आजोबा जिवंत झाले. मंडळी, ते आजोबा नव्हेत. लाखो अनोळखी चेहरे पाहून त्या यंत्राने चेहऱ्याविषयी काही सरासरी अंदाज बांधलेले असतात. जेथे तुमच्या फोटोत काही नाही तेथे ते हा अंदाज भरते. फेट्याचा रंग केशरी होता की गुलाबी, हे काळ्या-पांढऱ्या फिल्मेत नाही आणि यंत्रालाही ठाऊक नाही. ते ठोकून देते. मौज म्हणून करायला माझी हरकत नाही. पण ती प्रत आणि मूळ उतरवलेली प्रत एका जागी ठेवू नका, आणि भिंतीवर लावताना खाली तसे लिहून ठेवा. नाहीतर दोन पिढ्यांनी तुमचे पणतू एका कल्पित माणसाला हार घालतील.

बरे, निगेटिव्ह नीट उतरवायची कशी? दोन मार्ग आहेत. एक, फिल्मेसाठी केलेला सपाट स्कॅनर. त्याच्या खोक्यावर इंचाला सहा हजार चारशे ठिपके असे छापलेले असते. ते खरे मानू नका. चांगल्या सपाट स्कॅनरचे खरे वाचन तेवीसशे-चोवीसशेच्या पुढे फारसे जात नाही. पण आपल्या सव्वादोन इंची निगेटिव्हला तेवढ्यानेही अडीच कोटी ठिपके मिळतात, आणि बहुतेक घरगुती फिल्मांना ते पुरून उरतात. पस्तीसच्या लहान फिल्मेला हाच स्कॅनर अपुरा पडतो. मूळ मोठे असले की साधन थोडे कमअस्सल चालते, हा मधल्या मापाचा मोठाच फायदा.

दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण त्याला लागणारे सामान लग्नाच्या फोटोग्राफरकडे बहुतेक असतेच. एक पांढऱ्या उजेडाची सपाट पेटी, वर तिपाईवरून खाली तोंड केलेला डिजिटल कॅमेरा, आणि जवळच्या वस्तू टिपणारे मॅक्रो भिंग. फिल्म पेटीवर सपाट, चमकदार बाजू पेटीकडे आणि मंद बाजू कॅमेऱ्याकडे. कॅमेरा फिल्मेला अगदी समांतर हवा. त्यासाठी फिल्मेच्या जागी एक आरसा ठेवावा. भिंगाला आपलेच प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसले की जमले. छिद्र आठाच्या आसपास. खोलीतला बाकीचा उजेड बंद. आणि चित्र जेपीईजी न घेता कच्चे, ज्याला रॉ म्हणतात ते घ्यावे. जेपीईजीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात, कच्च्या चित्रात चार हजारांपासून सोळा हजारांपर्यंत. दाराच्या अंधारात बसलेली म्हातारी या वरच्या पायऱ्यांमुळे सापडते. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने चौकोनी निगेटिव्ह एका दमात घेतली तर दीड कोटी ठिपके हाती येतात. जिच्यात अधिक दडले आहे असे वाटेल ती चार भागांत, कडा एकमेकांवर येतील अशी घ्यावी आणि मग जोडावी.

आता तरुण मित्रांचा प्रश्न. आजोबांचा याशिका कपाटात आहे, तो वापरावा का? काहींनी असे ऐकले आहे की जुन्या कॅमेऱ्याचे भिंग काढून नव्या डिजिटल कॅमेऱ्याला कडे लावून बसवले की जुन्याचा कस नव्यात उतरतो. असे होत नाही. ते भिंग ५६ मिलिमीटरच्या चौकोनावर चित्र पसरावे म्हणून घडवलेले; नव्या कॅमेऱ्याची पाटी त्यातला मधला जेमतेम चौथा हिस्सा घेते आणि बाकीचे वाया जाते. शिवाय मोठ्या फिल्मेसाठी केलेल्या भिंगाला दर मिलिमीटरला फार बारीक रेघा उमटवण्याची गरज नव्हती, कारण मिलिमीटरच पुष्कळ होते. चित्राला एक जुना मऊपणा येईल, तो कोणाला आवडेलही. पण कस म्हणाल तर तो भिंगापेक्षा त्या मोठ्या चौकोनात होता.

यावर उपाय म्हणून कॅमेरा जुनाच ठेवून फिल्मेच्या जागी डिजिटल पाठ बसवण्याची युक्ती निघाली. १९९१ साली लीफ नावाची अशी पाठ आली तेव्हा तिच्यात चाळीस लाख ठिपके होते आणि रंगीत चित्रासाठी तांबडा, हिरवा, निळा असे तीन वेळा टिपावे लागे; म्हणजे समोर फळांची टोपली चालेल, मूल चालणार नाही. पुढे त्या सुधारल्या. २००० ते २०१० च्या दशकातल्या पाठी आता वापरलेल्या स्थितीत पुष्कळ उतरत्या किमतीला मिळतात, आणि भर उजेडात त्यांचे रंग सुंदर येतात हे खरे. पण त्यांचे काही दोष खानदेशात दुप्पट होतात. त्या जातीची पाटी तापली की तिच्यात प्रकाशावाचूनच चरचर वाढते. सहा-आठ अंश उष्णता चढली की ही चरचर साधारण दुप्पट. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर असतो. त्यात बॅटऱ्या मिळत नाहीत, तारा आजच्या संगणकाला लागत नाहीत, दुरुस्तीला मनुष्य नाही. २०२४ साली हॅसलब्लाडने दहा कोटी ठिपक्यांची नवी पाठ काढली, ती १९५७ पासूनच्या त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यांना बसते. सदुसष्ट वर्षांपूर्वीच्या यंत्राला नवे अंग मिळावे, याचे मला मोठे कौतुक वाटते. किंमत मात्र मोटारीची, आणि पाटी तरीही त्या तीन बोटांच्या चौकोनाच्या निम्म्याहून लहान. पोटासाठी छायाचित्रण करणाऱ्या नरडाण्याच्या मुलाने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो याशिका त्याने फिल्म घालूनच वापरावा, पण वर्षातून दोन-चार रोल. रोल आणि धुलाई मिळून हजाराच्या पुढे खर्च जातो. एका दाबण्याला शंभर रुपये पडतात. काळी-पांढरी फिल्म मात्र घरी धुता येते, अंधारी खोली आणि दोन रसायने पुरतात. शंभर रुपये पडतात म्हणूनच मनुष्य दाबण्यापूर्वी पाहतो. मान खाली घालून पाहावे लागते, त्यामुळे समोरच्या म्हातारबाबांच्या डोळ्याला डोळा लागत नाही आणि ते अवघडत नाहीत. त्यांना वाटते हा काहीतरी हुडकतो आहे. काचेवरचे चित्र डावे-उजवे उलटे दिसते, म्हणून घाई करता येत नाही. हे सगळे यंत्राचे दोष आहेत, आणि मला ते दोष फार उपयोगाचे वाटतात.

या वापरातून जो धडा मिळतो तो डिजिटललाही लागू पडतो, पण उलट्या बाजूने. वैशाखातले लग्न, भर दुपार. पांढरीशुभ्र टोपी, पांढरे धोतर, आणि टोपीच्या सावलीत शेतात रापलेला चेहरा. फिल्मेच्या निगेटिव्हवर थोडा जास्त प्रकाश पडला तर टोपी सांभाळली जाते, पण कमी पडला तर चेहरा जातो तो परत येत नाही. म्हणून जुने लोक सावलीकडे पाहून प्रकाश ठरवत. डिजिटल पाटी याच्या उलट. तेथे चेहरा थोडा काळा आला तरी कच्च्या चित्रातून वर काढता येतो, पण टोपी एकदा फुटली, पांढरी ठार झाली, की तिच्या कापडाची वीण कोणी आणू शकत नाही. म्हणून डिजिटलमध्ये टोपीकडे पाहावे. आमच्याकडचे कितीतरी अल्बम या एका गोष्टीमुळे बिघडलेले मी पाहतो. कॅमेरा दोन लाखांचा आणि नवरदेवाच्या डोक्यावर पांढरा खड्डा.

मोठा कॅमेरा, मोठे शहर, मोठी साधने यांनीच चांगले चित्र होते असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा चाळीसगावला जाऊन यावे. रेल्वे स्टेशनाजवळ केकी मूस यांचे घर आहे. आता ते संग्रहालय म्हणून जपले आहे. १९१२ साली जन्मलेला हा पारशी गृहस्थ विलायतेत शिक्षण घेऊन आला, आणि १९८९ मध्ये देह ठेवीपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे त्या घराबाहेर पडलाच नाही म्हटले तरी चालेल. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, दिवा सरकवायचा, सावली पाहायची, पुन्हा सरकवायचा. आणि त्यातून डोंगर, वाटा, रात्री उभ्या करायच्या. त्यांच्या चित्रांना देशोदेशींची शेकडो पदके मिळाली. एका खोलीतला उजेड त्यांना आयुष्यभर पुरला.

आता जपणुकीविषयी बोलतो, कारण वेळ थोडा आहे. व्याख्यानाचा नव्हे, फिल्मांचा. १९५० नंतरच्या बहुतेक फिल्मांचा पाया अॅसिटेट नावाच्या पदार्थाचा आहे. उष्णतेने आणि दमटपणाने तो कुजतो, त्यातून आम्ल सुटते आणि डबा उघडला की शिरक्याचा, व्हिनेगरचा वास येतो. एकदा वास सुटला की ते आम्लच पुढची कुज वाढवते. फिल्म आक्रसते, वरचा थर सुरकुततो. एकवीस अंश उष्णतेत आणि पन्नास टक्के दमटपणात ताज्या फिल्मेला हा रोग लागायला चाळीसएक वर्षे लागतात असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. आपल्याकडे डबा असतो पत्र्याखाली, माळ्यावर. एकवीस अंश आपल्याकडे पौषातल्या सकाळी असतात! तेव्हा त्या चाळीस वर्षांतली किती कापायची ते तुम्हीच ठरवा. साठ-सत्तर सालच्या फिल्मांपैकी ज्या आज धड आहेत त्या दैवाने धड आहेत.

आणि एकच प्रत एकाच जागी ठेवली तर काय होते, हे अजिंठ्यापेक्षा चांगले कोण सांगणार? मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून कित्येक वर्षे लेण्यांत बसून चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या, आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. पुढे ग्रिफिथ्स साहेब आणि मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ साली लंडनलाच जळाल्या. गिल यांनी कॅमेऱ्यानेही अजिंठा-वेरूळची दृश्ये टिपली होती आणि ती १८६४ मध्ये पुस्तकातून प्रसिद्ध झाली. ती आजही पाहायला मिळतात, कारण त्यांच्या प्रती झाल्या होत्या. गिल साहेब आपल्या खानदेशातच, भुसावळला, मातीखाली आहेत.

डिजिटल प्रतीलाही हाच न्याय. तीन प्रती असाव्यात, दोन निरनिराळ्या जातीच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी, पुण्याच्या भाच्याकडे म्हणा. २००५ सालच्या लग्नाची सीडी आज लावायला घरात यंत्र नाही, आणि लावली तरी ती वाचली जाईल याचा भरवसा नाही. १९६५ सालच्या लग्नाची निगेटिव्ह मात्र खिडकीशी धरली की दिसते. म्हणून उतरवून झाल्यावरसुद्धा निगेटिव्ह टाकू नका.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ च्या अखेरीस धुळ्यात देह ठेवला. आयुष्यभर गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरची, वाळवीच्या तोंडातली दप्तरे त्यांनी गोळा केली. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आहे. त्या दप्तरांत वतने आहेत, लढाया आहेत, सरदारांची पत्रे आहेत. झोक्यावरच्या चार लेकी कोणत्याही दप्तरात नाहीत. खळ्यावरची दादर, कपाशीच्या गाड्यांची रांग, कानबाईची मिरवणूक, पहिल्या एस.टी.समोर उभे राहिलेले गाव, हे सगळे स्टुडिओवाल्याच्या पोत्यात आहे. ते पोते त्याच्या मुलाला अडगळ वाटते, आणि त्याला दोष देता येत नाही. त्याला कोणी विचारायला गेलेलेच नाही.

उद्या सकाळी नऊ ते बारा मी येथेच, मंडपाच्या मागच्या खोलीत, उजेडाची पेटी आणि कॅमेरा मांडून बसणार आहे. ज्यांच्या घरी निगेटिव्ह असतील त्यांनी आणाव्यात. डबा गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नये. रबर बांधलेले असेल तर ते काढावे, पण चिकटलेल्या फिल्मा ओढून सोडवू नयेत. बोटे कडेलाच लावावीत. ओल्या फडक्याने काही पुसू नये. आंबट वास येत असेल त्या फिल्मा वेगळ्या कागदी पाकिटात घालून आणाव्यात, कारण त्या आधी घ्याव्या लागतील. आणि शक्य असेल तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बरोबर घेऊन यावे. फोटोतली माणसे कोण, हे मला कॅमेऱ्यातून दिसत नाही.